सोनेरी मासा : नावावर जाऊ नका

(मरोळ येथील भाषण)



मरोळ म्हटले की सुक्या मासळीचा बाजार आठवतो. तेथे बोंबील, जवळा विकला जातो तो वजनावर. आज मात्र मी नगावर विकल्या जाणाऱ्या जिवंत माशाविषयी, म्हणजे गोल्डफिशविषयी बोलणार आहे.

हा मूळचा चीनचा. हजारएक वर्षांपूर्वी तेथे करड्या माशांत एखादा पिवळा-तांबडा निघे. तो वेगळा राखून लोकांनी ही जात घडविली. आपण निवडून बियाणे राखतो, तसेच हे.

या माशाविषयी बोलण्यात तीन समजुती रूढ आहेत. त्या खऱ्या मानणाऱ्याचे नुकसान होते.

पहिली, सोनेरी मासा जन्मतः सोनेरी असतो. प्रत्यक्षात पिल्ले मातकट असतात, रंग काही आठवड्यांनी वा महिन्यांनी चढतो. म्हणून पिल्ले निकृष्ट समजून लवकर काढून टाकू नयेत. वाकडी, अधू पिल्ले मात्र वेळीच वेगळी करावीत.

दुसरी, तो काचेच्या गोल भांड्यातला मासा आहे. हा मासा घाण फार करतो. थोड्या पाण्यात अमोनिया साचून तो दगावतो. चांगल्या पाण्यात मात्र दहा वर्षांहून अधिक जगतो. तेव्हा हौद मोठा असावा, पाणी थोडे थोडे बदलत राहावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढल्यावरच ते वापरावे.

तिसरी, तो विसराळू आहे. प्रयोगांत तो शिकविलेले महिनोन्‌महिने लक्षात ठेवतो, असे दिसले आहे. ठरल्या वेळी, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. मासे त्या वेळी वर आले नाहीत, तर आधी पाणी तपासावे.

विणीच्या काळात नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर पांढरे दाणे दिसतात. मादीची अंडी चिकट असतात. त्यांच्यासाठी हौदात हायड्रिला किंवा काथ्याचे झुबके सोडावेत. मोठे मासे अंडी खातात, म्हणून वीण झाल्यावर त्यांना लगेच बाहेर काढावे. उबदार पाण्यात अंडी २ ते ४ दिवसांत फुटतात.

शेवटची विनंती. नको झालेला मासा मिठी नदीत, पवई तलावात किंवा गावच्या ओढ्यात सोडू नका. तो तळ उकरून पाणी गढूळ करतो, स्थानिक माशांची अंडी खातो.

सुरुवात एका हौदाने करा. गिऱ्हाईक पाहूनच दुसरा बांधा. येथून जवळ वर्सोव्याला १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. खर्च करण्यापूर्वी तेथील तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्या. नाव सोन्याचे असले, तरी पैसा हौदाच्या निगेतूनच मिळतो.