वैयावृत्त्य : रुग्णाच्या सोबतीचे
(सुवर्णमहोत्सव समारंभात केलेले भाषण)



कापड मोजण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने कर्करोगावर काय बोलावे, अशी शंका आपणांस येणे स्वाभाविक आहे. औषधोपचारांवर मी बोलणार नाही. तो अधिकार डॉक्टरांचा. मी बोलणार आहे ते रुग्णालयाच्या जिन्यावर, दारात बसलेल्या नातेवाइकांविषयी. २०११ साली मी त्यांच्यातीलच एक होतो.

माझ्या धाकट्या बंधूंच्या जिभेच्या कडेला व्रण झाला. तो भरेना. तपासणीत कर्करोग निघाला, तेव्हा घरात पुतणीच्या विवाहाची बोलणी चालू होती. 'कोणास कळू द्यावयाचे नाही' असे ठरले, आणि ठरविणारा मीच होतो. साखरपुडा होईपर्यंत दोन महिने गेले. पुढे डॉक्टरांनी विचारले, "इतके दिवस काय करीत होता?" त्याचे उत्तर माझ्याजवळ आजही नाही.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. टाटांच्या दानातून उभी राहिलेली ही संस्था १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. तेथे शस्त्रक्रियेनंतर बंधूंना किरणोपचार सांगितले. यंत्राखाली काही मिनिटेच जावयाचे, परंतु आठवड्यातून पाच दिवस आणि असे सहा आठवडे. त्यासाठी दाखल करून घेण्याचे सहसा कारण नसते. मग परगावच्या माणसाने राहावे कोठे? परळच्या पदपथावर बिऱ्हाडे दिसतात ती या हिशेबाने. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अशा कित्येकांना आसरा देत आली आहे. आमची ऐपत होती. खोली भाड्याने घेतली आणि मी दुकानाकडे परतलो. आठ दिवसांनी गेलो तो भावजय जिन्यावर फाईल मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, "दादा, पैसे पुरतात. कोणीतरी जवळ बसा."

रेल्वेच्या स्लीपर वर्गात कर्करुग्णास पूर्ण व सोबत्यास ७५ टक्के सवलत असते, हेही मला, बी.कॉम. झालेल्या माणसाला, शेजारच्या रांगेतील एका शेतकऱ्याने सांगितले!

आहाराचाही प्रश्न आला. तोंड सोललेले, तिखट चालत नाही, आणि आहारतज्ज्ञ बाईंनी उकडलेला बटाटा सांगितला. बंधू ऐकेनात. अखेर त्यांना मोकळेपणी सांगितल्यावर त्यांनीच मुगाचे कढण, पेज, दूध, केळे असा तक्ता करून दिला. सूर्यास्तानंतरच्या औषधांविषयी गुरुमहाराजांचा सल्ला घेतला. आपण संकोचाने विचारीत नाही आणि रुग्ण उपाशी राहतो.

दोन वर्षांनी बंधू गेले.

वैयावृत्त्य हे आभ्यंतर तपांत गणले आहे. तत्त्वार्थसूत्रात त्यास पात्र असलेल्या दहांमध्ये 'ग्लान', म्हणजे आजारी, यांचा उल्लेख आहे. तो मुनींच्या संदर्भात आहे हे मी जाणतो. तरी श्रावकाने त्यातून काही घेऊ नये असे थोडेच आहे? औषधदानात आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षे कधी हात आखडता घेतला नाही. धनादेश लिहिणे आपणां व्यापाऱ्यांना सोपे जाते. चार दिवस काढणे जड जाते.

माझी विनंती एवढीच, की ट्रस्टच्या कार्यालयात एक वही ठेवावी. रुग्णाच्या पहिल्या भेटीस सोबत जाण्यास, आणि पुढे आळीपाळीने तेथे राहण्यास तयार असणाऱ्यांची नावे तीत असावीत. भगिनींचीही असावीत, कारण स्त्री-रुग्ण पुरुषांशी सारे बोलत नाहीत. रुग्णाचे नाव मात्र त्या वहीत लिहू नये. ज्या घरात विवाहाची बोलणी चालू असतील, त्या घरालाही निःसंकोच येता आले पाहिजे.

वही मी आज आणली आहे. पहिले नाव माझे आहे; दुकान आता चिरंजीव पाहतात, तेव्हा सबब उरलेली नाही. सभा संपल्यावर ती दाराजवळच्या टेबलावर असेल.

जय जिनेंद्र.