ठिपका दिसण्याआधी फवारणी

पावसाळा लागला की आमच्या गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो, "ताई, गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडलेत, पानं पिवळी होऊन गळतायत. औषध मारू का?" दसरा-दिवाळीच्या फुलांवर कर्जाचा हप्ता अवलंबून असतो, तेव्हा काळजी वाटणारच. म्हणून आज बोलू या फवारणीच्या वेळेबद्दल.

मॅन्कोझेब, कॉपर ऑक्सिक्लोराइड यांसारखी बुरशीनाशकं पानावर थर करून बसतात. बुरशी रुजण्याआधी हा थर असेल, तरच पान वाचतं. ठिपका पडलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. इरलं भिजण्याआधी घ्यायचं असतं, तसंच हे.

पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की काळ्या ठिपक्याची बुरशी आत शिरते. ठिपका मात्र साधारण आठवड्याने दिसतो. म्हणजे आज दिसतो तो रोग मागच्या आठवड्यातल्या पावसाचा. म्हणून झड लागण्याआधी, पानं कोरडी असताना पहिली फवारणी करावी. औषध सुकायला काही तासांची उघडीप हवी. नव्या पालवीवर थर नसतो, म्हणून पावसाळी हवा असेपर्यंत १० ते १४ दिवसांनी पुन्हा फवारावं. रोगट पानं, खाली गळलेलीसुद्धा, वेचून जाळावीत.

पाऊस सरला, दिवसा ऊन आणि रात्री गारवा सुरू झाला की भुरी येते. कोवळ्या शेंड्यावर पहिला पांढरा डाग दिसताच पाण्यात विरघळणारं गंधक फवारावं. पण तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर थांबावं, गंधकाने पानं करपतात.

फवारणी सकाळी, दव सुकल्यावर, वारा शांत असताना करावी. पानांची खालची बाजूही भिजली पाहिजे. प्रमाण पाकिटावरचंच घ्यावं. हातमोजे घालावेत, नाक-तोंड झाकावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बहिणींनी हे काम करू नये. फवारलेली फुलं गुलकंदाला अजिबात वापरू नयेत.

आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावं. संध्याकाळी पानं भिजवली तर ती रात्रभर ओली राहतात.

गटाच्या वहीत हप्त्याच्या तारखेशेजारी पावसाची आणि फवारणीची तारीखही लिहू या. पुढची फवारणी कधी, हे ती वहीच सांगेल.