भूपती: बंदुकीपासून पत्रकापर्यंत

तेलंगणातल्या पेद्दपल्लीचा वाणिज्य पदवीधर मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती गडचिरोलीच्या जंगलात माओवादी म्होरक्या झाला, पुढे माओवादी पक्षाच्या पॉलिट ब्युरोत पोहोचला. थोरला भाऊ, माओवादी नेता किशनजी २०११ मध्ये बंगालमध्ये मारला गेला. २०२५ मध्ये ‘अभय’ या नावाने भूपतीने युद्धबंदी आणि चर्चेची पत्रके काढली. शस्त्रे खाली ठेवण्याची त्याची भूमिका पक्षातल्या सहकाऱ्यांनी फेटाळली. सरकारने मात्र चर्चेआधी शस्त्रे खाली ठेवा, असेच बजावले. अखेर भामरागड भागातून बाहेर पडून १५ ऑक्टोबरला गडचिरोलीत ६० साथीदारांसह त्याने महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांपुढे आत्मसमर्पण केले. सोबत ५४ शस्त्रे, त्यांत सात एके-४७. पत्नी तारक्का जानेवारीतच शरण आली होती. वाटाघाटीचे टेबल मांडलेच गेले नाही. बंदुका मात्र खाली आल्या. आता वनहक्क, शाळा, दवाखाने यांबाबत शब्द पाळायची पाळी शासनाची आहे.