समुद्र नसलेल्या जिल्ह्याचा समुद्र



महाराष्ट्राला 720 किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे, असं तुम्ही भूगोलात पाठ केलंय. त्यातला हातभरही नंदुरबारच्या वाट्याला आलेला नाही. पण गंमत बघा, तापी आणि नर्मदा या आपल्या दोन्ही नद्या अरबी समुद्रालाच मिळतात. फक्त मिळतात गुजरातेत. प्रकाशा गावाच्या घाटाला लागून गेलेलं तापीचं पाणी उकाई धरणातून सुरतेला पोचतं. मला विचाराल तर नंदुरबार गावाचा इतिहास त्या सुरतेनेच घडवला.

बंदरावर उतरलेला माल बुऱ्हाणपूर, आग्र्याकडे निघाला की वाटेत नंदुरबार लागे. 1610 मध्ये विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी इथून गेला; इथला किल्ला आणि तलाव त्याने लिहून ठेवलाय. पुढे आलेल्या फ्रेंच जवाहिऱ्याला, तावेर्निएला, इथली द्राक्षं आणि खरबुजं भावली. हिरे पारखणारा माणूस, आणि नोंद करतो खरबुजांची! 1666 मध्ये तर इंग्रजांनी इथे वखारच घातली.

अशा वाटेवरच्या गावात आलेले सगळेच परत जात नाहीत; काही इथलेच होऊन जातात. 9 सप्टेंबर 1942 ला इंग्रजांविरुद्ध निघालेल्या मिरवणुकीत गोळीला बळी पडलेल्या मुलांची नावं तुम्हाला तोंडपाठ आहेत. शिरीषकुमार मेहता, लालदास, धनसुखलाल, घनश्याम आणि त्यांच्यातच एक शशिधर केतकर. शिरीषची मायबोली गुजराती. वय पंधरा, म्हणजे तुमच्या दहावीच्या वर्गातलं. पण तिरंगा हातात होता तो याच गावच्या रस्त्यावर.

आणि ही झाली नुसती तापीच्या खोऱ्यातली गोष्ट. सातपुड्यात वर चढा, अक्कलकुव्याच्या पुढे काठी गावाला. तिथली राजवाडी होळी बघितली नसेल तर यंदा आई-बाबांकडे हट्ट धरा. होळीत बुध्या होऊन नाचणारा माणूस अंगभर राखेची नक्षी काढतो, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप आणि कमरेला वाळलेले भोपळे अन् घुंगरं बांधतो. नवस असतो, म्हणून आधी कितीतरी दिवस तो पायात काही घालत नाही, जमिनीवरच झोपतो. होळीचा उंच बांबू ज्या खड्ड्यात उभा करायचा, तो हातांनी उकरतात. रात्रभर ढोल वाजतात आणि होळी पेटते ती पहाटे. आता कॅमेरेवाल्यांची गर्दी फार होते. तुम्ही गेलात तर फोटो नंतर काढा, आधी जरा नाचा.

तुमच्यातली काही मुलं त्याच पाड्यांवरून इथे शिकायला आलीत, हे मघाशी सरांनी सांगितलं. त्यांनी मधल्या सुट्टीत इतरांना बुध्याचा टोप कसा बांधतात ते दाखवावं. माझ्यापेक्षा त्यांना ते जास्त येतं. बक्षिसं वाटायची राहिलीत आणि पडद्यामागून घुंगरांचा आवाज कधीचा येतोय.