कोठडीतली संमती, कोठडीतला कबुलीजबाब

मैत्रिणींनो, टाडा म्हटलं की बायका म्हणतात, ते दहशतवाद्यांचं, आपला काय संबंध? पण पोलिस ठाणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? 1972 साली देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडलं. काय तर म्हणे, अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती होती! 1980 साली आपण रस्त्यावर उतरलो, 1983 साली कायदा बदलला. कोठडीत बाई 'माझी संमती नव्हती' म्हणाली, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं.

आणि चारच वर्षांनी, 1987 च्या टाडात, एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा ठरला. इंग्रजांच्या 1872 च्या कायद्यानेसुद्धा पोलिसांपुढची कबुली पुरावा मानली नव्हती. धाकात दिलेली संमती खोटी, मग धाकात दिलेली कबुली खरी कशी? सर्वोच्च न्यायालयाने मात्र 1994 साली हे कलम वैध ठरवलं.

टाडा 1995 साली संपला. तशीच तरतूद 2002 साली पोटात आली. तो 2004 साली रद्द झाला. पण त्याआधीच, 1999 साली, आपल्या महाराष्ट्राने ती मोक्कात घातली होती. मोक्का आजही लागू आहे.