आरोपी कोण : पडदा की बंदूक?

१४ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेतील सँडी हुक शाळेत एका तरुणाने २० बालके व ६ शिक्षक-कर्मचारी यांची हत्या केली. आठवडाभरातच तेथील नॅशनल रायफल असोसिएशनने हिंसक चित्रपट व व्हिडिओ गेम यांच्यावर ठपका ठेवला. परंतु असेच खेळ जपानी मुलेही खेळतात. तेथे बंदुकीने होणारे खून मात्र अत्यल्प, कारण तेथे बंदूक सहजी मिळत नाही. सँडी हुकमधील रायफल मारेकऱ्याच्या आईने कायदेशीररीत्या विकत घेतलेली होती.

हिंसेवर गल्ला भरणाऱ्या करमणुकीचे समर्थन कोणी करू नये. पण केवळ पडद्याला आरोपी केले की शस्त्रांचा व्यापारी निर्दोष सुटतो. एप्रिल २०१३ मध्ये बंदूक-खरेदीदारांची तपासणी व्यापक करणारी दुरुस्ती ५४ मते मिळूनही सिनेटमध्ये बारगळली. हवी होती ६०. म्हणून दोष कोणाचा हे ठरविण्यापूर्वी नफा कोणाचा, हे विचारले पाहिजे.