जर्मनचे भांडे आणि छापलेला धातू

साखळीच्या घरांत पेजेचे जर्मनचे भांडे चुलीवर विसरले, की काय होते हे गृहिणीला सांगावे लागत नाही. आत पाणी आहे तोवर जाळ कितीही मोठा असो, बूड शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. पाणी आटले, की बूड फुगते, वाकडे होते आणि भांडे सरळ बसेनासे होते. ज्याला घरोघर जर्मन म्हणतात तो धातू म्हणजे ॲल्युमिनियम. तो 660 अंश सेल्सिअसला वितळतो खरा, पण त्याचे बळ त्यापूर्वीच पुष्कळ खचलेले असते. निरपेक्ष शून्यापासून मोजले, तर 200 अंशांनाच तो वितळण्याच्या निम्म्या वाटेवर पोहोचलेला असतो.

साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढला, की पुढे बेळगाव लागते. ओतकामाचा धंदा तेथे जुना आहे. साचा करावा, रस ओतावा, तो निवू द्यावा, ही त्याची रीत. धातूच्या त्रिमितीय मुद्रणात साचाच नसतो. ॲल्युमिनियम, सुमारे दहा टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम यांच्या मिश्रधातूची बारीक भुकटी केसाहूनही पातळ थरात पसरतात, लेसर किरणाने हवी तेवढीच वितळवतात, आणि असे हजारो थर एकावर एक चढवून भाग उभा करतात.

वितळलेला ठिपका निवतो तो सेकंदाला लाखो अंशांच्या वेगाने. सिलिकॉनला गोळा व्हायला सवडच मिळत नाही. ॲल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म कप्प्यांभोवती त्याचे जाळे विणले जाते, आणि काही सिलिकॉन ॲल्युमिनियममध्येच अडकून राहते. म्हणून असा भाग यंत्रातून निघताच चौरस मिलिमीटरला सुमारे 40 ते 45 किलोंचा ताण सोसतो. त्याच जातीचा साधा ओतीव भाग त्याच्या बराच मागे राहतो.

परंतु हे बळ घाईने मिळालेले आहे. भाग 300 अंशांवर दोन तास ठेवला, की जाळे तुटते, सिलिकॉनचे सुटे कण होतात आणि बळ 25 ते 30 किलोंवर येते. यात लाभ नाही असे नव्हे: आत कोंडलेले ताण निघून जातात, भाग वेडावाकडा होत नाही, आणि तुटण्यापूर्वी अधिक ताणला जातो. मात्र भट्टीची जुनी सवय येथे फसवते. ओतीव भाग 530 अंशांच्या आसपास तापवून पाण्यात बुडवला आणि मग 160-170 अंशांवर काही तास ठेवला, की तो अधिक बळकट होतो. छापलेल्या भागाला हाच संस्कार दिला, तर तो बहुधा दुबळाच होतो. शिवाय आतल्या छिद्रांतील वायू फुगून ती मोठी होतात. त्याला पहिली पायरी वगळून नुसती मंद आच दिली, तर जाळे टिकते आणि कणखरपणा थोडा वाढतोही.

साखळी-डिचोलीच्या तंत्रशाळांतून शिकून निघणाऱ्या तरुणांच्या हाती हे भाग येतील, तेव्हा घात होईल तो बहुधा याच ठिकाणी. थंड खोलीत ताणून पाहिलेला तुकडा उत्तीर्ण होतो. तोच भाग इंजिनाशेजारी 200 अंशांत महिनोन्महिने राहिला, तर आतली रचना हळूहळू बदलत जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. 250 अंशांच्या उष्णतेत तर बळ निम्म्याच्या आसपास येते. अशा भागाच्या कागदावर केवळ बळाचा आकडा लिहून भागत नाही. तो कोणत्या तापमानाला मोजला आणि त्याआधी भागाला किती उष्णता किती वेळ दिली, हेही लिहिलेले हवे.

मग हा धातू अग्नीजवळ न्यावा तरी कसा? अमेरिकेच्या नासा संस्थेने 2023 साली याचे एक उत्तर दाखवले. तिच्या मार्शल केंद्रात छापलेल्या ॲल्युमिनियमच्या दोन रॉकेट-नळ्यांची चाचणी झाली. मूळ मिश्रधातू छापताना तडकतो, म्हणून त्यात सूक्ष्म कण मिसळले होते. नळ्या 22 वेळा पेटवल्या, एकूण 579 सेकंद चालल्या. आतील वायू 3,300 अंशांच्या घरात होता आणि नळीच्या बाहेरच्या अंगावर बर्फ लोंबत होते! नळीच्या भिंतीत बारीक वाटा छापलेल्या होत्या, आणि त्यांतून थंडगार इंधन सतत वाहत होते. पेजेच्या भांड्यातले पाणी जे काम करते, तेच येथे ते इंधन करीत होते.